आठ पुढे, दोन मागे

मारेगाव तालुक्यात ट्रॅक्टर घ्यायला निघालेला शेतकरी आधी एचपी विचारतो, मग लिफ्ट किती किलो उचलते ते, मग डिझेल किती पिते ते. गिअरचा विषय निघालाच तर उत्तर ठरलेले असते: आठ पुढे, दोन मागे. नांगराला, रोटावेटरला, कापसाने भरलेल्या ट्रॉलीला हे गणित पुरते. अडचण सुरू होते ती ट्रॅक्टरच्या तोंडाला लोडर बसवला की. कारण हा गिअरबॉक्स ज्या कुळात जन्मला त्या कुळाने लोडर पाहिलेला नव्हता.

उकिरड्यावरचे शेणखत ट्रॉलीत भरायचे असले तर ट्रॅक्टर पुढे जाऊन ढिगात बकेट घुसवतो, मागे येतो, वळून ट्रॉलीकडे पुढे जातो, बकेट रिकामी करतो आणि पुन्हा मागे येतो. एका बकेटमागे चार वेळा दिशा बदलते. ट्रॉली वीस बकेटांत भरते असे धरले तरी ऐंशी वेळा क्लच दाबायचा, ऐंशी वेळा दांडा हलवायचा. नांगरणीत असे काही नसते. या धुऱ्यावर टाकलेला गिअर त्या धुऱ्यापर्यंत तसाच राहतो, आणि दिवस मावळेपर्यंत बदलला नाही तरी बिघडत नाही.

ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्सची घडण झाली ती या दुसऱ्या कामासाठी. १९१७ मध्ये अमेरिकेत हेन्री फोर्डचा फोर्डसन बाहेर पडला. त्याला पुढचे तीन गिअर होते आणि मागचा एक. मधला गिअर नांगरणीचा, ताशी साधारण साडेचार किलोमीटरचा. मागचा गिअर होता तो शेडमधून बाहेर निघायला आणि नांगर जोडायला. बैलाची जागा घ्यायला आलेल्या यंत्राकडून लोकांची अपेक्षाही तेवढीच होती. बैलजोडी औतासकट मागे चालवायची वेळ कुणावर येते?

त्या काळचे गिअर सरकत्या दातांचे. शाफ्टवर गिअरचे चाकच सरकवायचे आणि दुसऱ्या फिरत्या चाकाच्या दातांत नेऊन अडकवायचे. ही रीत फ्रान्सच्या पानार आणि लव्हासोर यांच्या मोटारींनी १८९० च्या दशकात रूढ केली. दोन्ही चाकांचा वेग जुळला नाही तर दात एकमेकांवर घासतात. ती करकर जुन्या ट्रॅक्टरवर बसलेल्या प्रत्येकाच्या कानात असते. ट्रॅक्टर पूर्ण थांबवून गिअर टाकला की करकर होत नाही, आणि नांगरणीत थांबायला सवडही असते. पुढे कॉन्स्टंट मेश आले. यात चाके कायम एकमेकांत गुंतलेली असतात, फक्त मधली कॉलर सरकते. दातांची झीज पुष्कळ कमी झाली, पण थांबायचा नियम सुटला नाही. तो सुटला सिंक्रोमेशने, म्हणजे कॉलर अडकण्याआधी शंकूसारख्या कड्याच्या घर्षणाने दोन्हींचा वेग जुळवणाऱ्या युक्तीने. अर्ल थॉम्पसन या अमेरिकी अभियंत्याची ही युक्ती १९२८ मध्ये कॅडिलॅक मोटारीत आली. शेतातल्या यंत्रापर्यंत पोहोचायला तिला पुष्कळ वर्षे लागली.

आपल्याकडच्या आठ-दोनचा मूळपुरुष मात्र नावागावासकट सांगता येतो. इंटरनॅशनल हार्वेस्टर या अमेरिकी कंपनीचा इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डला कारखाना होता. तिथे १९५० च्या दशकाच्या अखेरीस बी-२७५ हा ट्रॅक्टर निघाला. त्यात चार गिअर पुढे, एक मागे, आणि त्या सगळ्याला हाय आणि लो अशा दोन पट्ट्या. चार दुणे आठ, एक दुणे दोन. १९६३ मध्ये महिंद्राने इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांच्यासोबत इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया काढली आणि हाच बी-२७५ मुंबईत कांदिवलीला तयार होऊ लागला. पुढे नावाला डीआय जोडले गेले, भूमिपुत्र जोडले गेले, बॉनेट बदलले, पण २७५ हा आकडा राहिला आणि आठ-दोनही राहिले. फरीदाबादेत एस्कॉर्ट्सच्या भागीदारीतून फोर्डचे ट्रॅक्टर निघू लागले तेही आठ-दोनचेच.

विचार करायला लावणारी गोष्ट वेगळीच आहे. ज्या कंपन्यांचा साधा गिअरबॉक्स आपल्याकडे आला, त्यांच्याच घरात तेव्हा नव्या जातीचे गिअरबॉक्स जन्मत होते. इंटरनॅशनल हार्वेस्टरने १९५४ मध्ये सुपर एमटीए या ट्रॅक्टरला टॉर्क अॅम्प्लिफायर दिला. एक दांडा ओढला की क्लच न दाबता, चालता चालता वेग सुमारे एकतृतीयांशाने उतरायचा आणि ओढ वाढायची. फोर्डने १९५९ मध्ये सिलेक्ट-ओ-स्पीड आणला. दहा गिअर पुढे, दोन मागे, आणि क्लचचे पेडलच नाही. सुरुवातीच्या त्या गिअरबॉक्सांनी इतका त्रास दिला की नाव खराब झाले, पण वाट दिसली. १९६३ मध्ये जॉन डिअरच्या ४०२० ला पॉवर शिफ्ट मिळाला आणि तो लोकांनी उचलून धरला. आणि १९६७ मध्ये पुन्हा इंटरनॅशनल हार्वेस्टरनेच ६५६ या ट्रॅक्टरमध्ये वेगासाठीचे गिअर बदलणेच बाजूला ठेवले. इंजिन पंप फिरवते, पंपाचे तेल मोटर फिरवते, मोटर चाके फिरवते. दांडा जितका पुढे तितका वेग, मागे ओढला की उलटी चाल. हे हायड्रोस्टॅटिक.

यातले काहीही त्या काळी कांदिवलीला आले नाही, आणि त्यात कुणाची चूक नव्हती. तेव्हा इथल्या शेतकऱ्याला नांगर हवा होता, ट्रॉली हवी होती, आणि ट्रॅक्टर बिघडला तर वणीच्या किंवा पांढरकवड्याच्या मिस्त्रीला खोलता यायला हवा होता. आठ-दोनने ते सगळे दिले.

लोडरची गरज ओळखली ती बांधकामाच्या यंत्रांनी. इंग्लंडमधल्या जोसेफ सिरिल बॅमफर्डने १९५३ मध्ये फोर्डसन मेजर ट्रॅक्टरला पुढे लोडर आणि मागे खोदणारा हात जोडला. तेच आज गावोगावी तासावर मिळणारे जेसीबी. १९७९ मध्ये एस्कॉर्ट्सच्याच भागीदारीत ते हरियाणात बल्लभगडला तयार होऊ लागले. नांगर ओढण्याचे काम या यंत्राकडे नव्हतेच, त्यामुळे त्याचा गिअरबॉक्स मागे-पुढे करण्याच्या हिशेबानेच घडत गेला. स्टिअरिंगजवळ छोटा दांडा, पुढे ढकलला की पुढे, मागे ओढला की मागे. इंजिन आणि गिअर यांच्या मध्ये टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे तेलातून जोर पोहोचवणारी जोडणी. तिचे पेटंट हर्मन फॉटिंगर या जर्मन अभियंत्याने १९०५ मध्ये घेतले ते जहाजांसाठी. ढिगात बकेट अडली तरी तेल घसरते, क्लच जळत नाही.

ट्रॅक्टरचा क्लच जळतो. आठ-दोनच्या ट्रॅक्टरला बहुधा कोरडी क्लच प्लेट असते. ड्रायव्हर पाय अर्धवट ठेवून बकेट ढिगात रेटतो तेव्हा ती प्लेट तापते, आणि दिवसात शेकडो वेळा तापली की तिचे आयुष्य झपाट्याने घटते. ती बदलायची तर ट्रॅक्टर मधोमध वेगळा करावा लागतो. दुसरी अडचण मागच्या गिअरांची. दोनपैकी लो रिव्हर्स इतका सावकाश की वेळ जातो, आणि हाय रिव्हर्स इतका जोराचा की भरलेली बकेट वर असताना भीती वाटते. लोडरच्या कामातला निम्मा प्रवास मागे असतो, आणि त्यासाठी या गिअरबॉक्सकडे मनासारखा एकही गिअर नाही.

जुन्या फर्ग्युसन ट्रॅक्टरांच्या पद्धतीत आणखी एक खोच होती. हायड्रॉलिक पंप पीटीओच्या, म्हणजे अवजारे फिरवणाऱ्या, शाफ्टवर चाले, त्यामुळे एकेरी क्लच दाबला की लिफ्टही थांबे. दुहेरी क्लच आल्यावर अर्धे पेडल दाबून चाल थांबवता आली आणि लिफ्ट चालू ठेवता आली. जुना ट्रॅक्टर घेऊन त्याला लोडर जोडणाऱ्याने पंप कशावर चालतो हे आधी पाहावे.

आपल्या ट्रॅक्टरांत उलट-सुलट चालीचा वेगळा दांडा, म्हणजे शटल, रुळला तो गेल्या दोन दशकांत. पुण्याजवळ सणसवाडीला जॉन डिअरचा कारखाना आल्यावर कॉलर शिफ्टचे गिअरबॉक्स आणि तेलात बुडालेले क्लच लोकांना माहीत झाले, आणि त्यांच्या मोठ्या ट्रॅक्टरांत बारा पुढे, बारा मागे असा पॉवर रिव्हर्सरही मिळू लागला. महिंद्राने नोवो या मालिकेतल्या मोठ्या ट्रॅक्टरांत पंधरा पुढे, पंधरा मागे दिले. सोनालिकाही बारा-बारा देते. यात दोन जाती आहेत आणि विक्रेते त्यांची सरमिसळ करतात. सिंक्रो शटलमध्ये दांडा सहज पडतो, पण क्लच दाबावाच लागतो. पॉवर शटलमध्ये पुढच्या चालीचा एक आणि मागच्या चालीचा एक असे तेलातले क्लच असतात. दांडा हलवला की हायड्रॉलिक दाबाने एक सुटतो, दुसरा धरतो, डावा पाय मोकळा राहतो. पॉवर शटल महाग, आणि त्याच्या दुरुस्तीला स्वच्छ तेल, योग्य फिल्टर आणि शिकलेला मिस्त्री लागतो.

मग मारेगावात काय घ्यावे? वर्षातून चार-आठ दिवस शेणखत भरायचे, कुटार सारायचे, उपटलेली पऱ्हाटी धुऱ्यावर लोटायची, एवढेच काम असेल तर कॉन्स्टंट मेशचा आठ-दोन पुरे. त्यासाठी जास्तीचे लाख-दोन लाख गिअरबॉक्सवर घालू नयेत, ते पुढच्या चाकांनाही ओढ असलेल्या फोर-व्हील ड्राइव्हवर घालावेत. काळ्या मातीत, भरलेल्या बकेटचे वजन पुढच्या अॅक्सलवर आणि मागची चाके हलकी झालेली असताना ते अधिक उपयोगी पडते. मागे वजन बांधायला विसरू नये, हेही त्यातच आले.

जिनिंगच्या आवारात हंगामभर कापसाचे ढीग लोटायचे असतील, किंवा मुरूम-गिट्टी भरण्याचा धंदा असेल, तर हिशेब उलटतो. तिथे सिंक्रो शटलच्या खाली जाऊच नये. काम रोजचे असेल तर पॉवर शटलच घ्यावा, कारण तिथे खर्च क्लच प्लेटचा नसतो, ट्रॅक्टर खोलून पडलेल्या दिवसांचा असतो, आणि ड्रायव्हरच्या गुडघ्याचाही असतो.

हायड्रोस्टॅटिक लोडरला सगळ्यांत सोयीचे, पण तेलातून जोर नेताना गिअरपेक्षा जास्त शक्ती वाया जाते. दिवसभर नांगर ओढायचा तर डिझेल जास्त जाते. म्हणून जगभर ते मुख्यतः छोट्या ट्रॅक्टरांत राहिले. जर्मनीच्या फेंटने १९९५ मध्ये व्हारियोत गिअर आणि तेल या दोन्ही वाटांनी जोर नेऊन हा तोटा बराच कमी केला, पण पहिला व्हारियो २६० एचपीचा होता. पाच-दहा एकरांच्या कापसाच्या वावरात त्या किमतीचे काम नाही.

शोरूममध्ये रिकामा ट्रॅक्टर मागे-पुढे करून काही कळत नाही. लोडर बसवलेला ट्रॅक्टर मागवा, खऱ्या ढिगावर न्या, तुमच्या ड्रायव्हरला बसवा आणि एक अख्खी ट्रॉली भरून घ्या. क्लचचा वास येतो का, दांडा अडतो का, मागच्या गिअरचा वेग जमतो का ते पाहा. मग क्लच बदलायला किती पैसे, किती दिवस आणि कोणत्या गावाला जावे लागेल, हे विक्रेत्याकडून लिहून घ्या. एचपीचा प्रश्न त्यानंतर विचारा.