धुळ्याची नवी पेठ : वसविणारे आणि वसणारे

धुळें शहराच्या जुन्या बाजारपेठेंत प्रथमच येणाऱ्या पाहुण्यास एक गोष्ट चटकन् जाणवते. पुण्यास किंवा नाशिकास आळी ओळखली जाते ती तेथील देवळाच्या, धंद्याच्या अथवा एखाद्या घराण्याच्या नांवानें. धुळ्यास मात्र पत्ता सांगतात तो आंकड्यानें. गल्ली नंबर चार, गल्ली नंबर पांच, गल्ली नंबर सहा, अशी ही मोजदाद आहे. बाजारांतला मोठा रस्ता आजहि आग्रा रोड याच नांवानें ओळखला जातो. आपोआप वाढलेल्या गांवाची ही ठेवण नव्हे. कोणीं तरी जमीन मोजून, दोरी धरून वस्ती बसविली असावी, असें ती पाहतांच वाटतें.

ही वस्ती कोणीं बसविली, असें विचारल्यास शहरांत बहुधा सर विश्वेश्वरय्या यांचें नांव ऐकूं येतें. त्या थोर स्थापत्यशास्त्रज्ञाचा या भागाशीं संबंध खराच आहे. १८८४ सालीं मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यांत ते दाखल झाले, आणि नोकरीच्या अगदीं प्रारंभीं पांजरेच्या खोऱ्यांत दातर्ती गांवाजवळ पाण्याचा नळ प्रवाहापलीकडे नेण्याचें अवघड काम त्यांच्याकडे आलें. परंतु त्या वेळीं धुळ्याच्या नव्या वस्तीचा आरंभ होऊन पासष्ट वर्षें लोटलीं होतीं. तो आरंभ १८१९ सालीं कॅप्टन जॉन ब्रिग्ज या इंग्रज अंमलदाराच्या हातून झाला. लोकस्मृतीनें परक्या संस्थापकाच्या जागीं एक आवडता संस्थापक बसविला, यांत नवल नाहीं. इतिहासास मात्र तेवढ्यावर थांबतां येत नाहीं. परक्यांनीं वसविलेली वस्ती आपला वारसा म्हणून जपावयाची, तर तिचा जन्म कसा झाला आणि पुढें ती आपली कशी झाली, या दोन्ही गोष्टी पाहाव्या लागतात.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं खानदेशची स्थिति अत्यंत शोचनीय होती. १८०२ सालीं होळकरांच्या फौजेनें प्रांत तुडविला. त्यापाठोपाठ १८०३ सालचा भीषण दुष्काळ आला. काळ्या कसदार जमिनी ओस पडल्या, गांवें उठलीं, आणि धुळें तर निर्मनुष्य झालें. पुढच्याच वर्षीं विंचूरकरांचे आश्रित बाळाजी बळवंत यांनीं तेथें पुन्हा माणसें आणून बसविलीं. या कामगिरीबद्दल त्यांस इनाम जमीन मिळाली. कालांतरानें सोनगीर व लळिंग या मुलुखाचा कारभार त्यांच्याकडे आला आणि त्यांनीं आपलें ठाणें धुळ्यासच ठेविलें. तेव्हां ब्रिग्जच्याहि आधीं उजाड धुळ्याचें गांव करणारा एक वसविणारा होऊन गेला होता, हें विसरतां कामा नये.

इंग्रजी अमलाचें या प्रांतांत पहिलें पाऊल पडलें तें रक्तांत भिजलेलें होतें. महिदपूरच्या लढाईनंतर जानेवारी १८१८ मध्यें झालेल्या तहानें होळकरांचा खानदेशांतील मुलूख कंपनीकडे आला. तो ताब्यांत घेण्यासाठीं सर थॉमस हिस्लॉप हा सेनापति तापीकांठच्या थाळनेर किल्ल्यापाशीं आला. २७ फेब्रुवारी १८१८ रोजीं किल्लेदार तुळशीराम मामा शरण आला. इतक्यांत दरवाजाशीं गैरसमजाची झटापट होऊन इंग्रजांचे दोन अधिकारी ठार झाले. त्याचा सूड म्हणून आंतील शिबंदीची कत्तल करण्यांत आली, आणि शरण आलेल्या किल्लेदारास फांसावर लटकविण्यांत आलें. या कृत्यावर खुद्द विलायतेच्या पार्लमेंटांतहि टीका झाली. त्याच वर्षीं मालेगांवच्या किल्ल्यांतील अरब शिपायांनीं कित्येक आठवडे इंग्रजी फौजेस दाद दिली नाहीं. एवढें झाल्यावर प्रांत हातीं आला, तो उद्ध्वस्त, भयभीत आणि वसुलाच्या दृष्टीनें जवळजवळ रिकामा.

अशा प्रांताचा कारभार ब्रिग्जकडे सोंपविण्यांत आला. हा गृहस्थ केवळ शिपाई नव्हता. फारशी भाषेचा तो जाणकार होता, आणि फिरिस्त्याच्या प्रसिद्ध इतिहासाचें त्यानें केलेलें इंग्रजी भाषांतर पुढें १८२९ सालीं प्रसिद्ध झालें. त्याच्यापुढें पहिला प्रश्न राजधानीचा होता. फारुकी राजांपासून खानदेशचें मुख्य नगर म्हणजे बऱ्हाणपूर. परंतु तें शिंद्यांच्या ताब्यांत होतें. म्हणजे नव्या जिल्ह्याला धड होतें, पण शीर नव्हतें. ब्रिग्जनें धुळें निवडलें. मुंबई-आग्रा मार्ग येथून जात होता, पांजरा नदीचें पाणी जवळ होतें, आणि प्रांताच्या चारी बाजूंस येथून लक्ष ठेवतां येण्याजोगें होतें.

त्या वेळच्या धुळ्याची वस्ती ४०१ घरांची आणि सुमारे अडीच हजार माणसांची होती. बागाइतानें वेढलेलें, एका अंगास पाट व दुसऱ्या अंगास नदी यांमध्यें कोंडलेलें हें लहानसें गांव होतें. जानेवारी १८१९ मध्यें मुलकी व न्यायखात्याच्या कचेऱ्या बांधण्यास मंजुरी मिळाली. दूरदूरचे कारागीर आणविण्यांत आले आणि सुमारे २७,००० रुपयांत इमारती उभ्या राहिल्या. पण कचेरी बांधल्यानें शहर होत नाहीं. त्याला व्यापारी, सुतार, सराफ आणि वाणी लागतात. यासाठीं घरबांधणीच्या जागा कायमच्या बिनभाड्यानें देण्यांत आल्या, आणि जुन्या रहिवाशांना तसेंच नव्यानें येणाऱ्यांना पक्कीं घरें बांधण्यास रकमा आगाऊ देण्यांत आल्या. जमीन फुकट, भांडवल उसनें आणि सरकारचें संरक्षण, या तीन गोष्टींच्या आधारावर नवें धुळें उभें राहिलें. १९०१ सालच्या खानेसुमारींत शहराची लोकसंख्या चोवीस हजारांवर गेल्याचें दिसतें.

येथें एक गोष्ट सहज नजरेआड होते. नव्या वस्तीला ज्या पाण्यानें आधार दिला, त्याची व्यवस्था इंग्रजांनीं निर्माण केलेली नव्हती. पांजरेवर ठिकठिकाणीं बंधारे घालून, पाटानें पाणी शेतांत आणण्याची फड पद्धति या भागांत पिढ्यान्पिढ्या चालत आली होती. एका फडांत सर्व शेतकऱ्यांनीं एकच पीक घ्यावयाचें, पाटकऱ्यानें पाळीनें पाणी द्यावयाचें, आणि पाटाची दुरुस्ती सर्वांनीं मिळून करावयाची, असा हा नियम होता. ब्रिग्जच्या शहराभोंवतीं जी बागाईत हिरवीगार दिसत होती, ती या जुन्या शहाणपणाची कमाई होती.

धुळ्याच्या कचेरीचा वचक चालावयाचा, तर डोंगरांतले भिल्ल वश व्हावे लागणार होते, आणि त्यासाठीं दुसरी एक वस्ती उभी राहिली. ती धुळ्याच्या पूर्वेस, आजच्या जळगांव जिल्ह्यांतील धरणगांवीं. धरणगांवचा इंग्रजांशीं परिचय जुना होता. १६७४ सालीं त्यांनीं तेथें कापडाची वखार घातली होती, आणि पुढच्याच वर्षीं शिवाजी महाराजांच्या फौजेनें ती लुटली. दीडशें वर्षांनंतर, १८२५ सालीं, लेफ्टनंट जेम्स आउट्रम यानें तेथेंच भिल्ल पलटण उभारण्यास आरंभ केला.

पहिलीं कित्येक वर्षें इंग्रजांनीं भिल्लांवर नुसत्या मोहिमा काढल्या होत्या. नाके अडविले, धान्य तोडलें, म्होरके पकडले. पण एक टोळी मोडली कीं दुसरी उठे. तेव्हां गव्हर्नर एल्फिन्स्टन याच्या काळांत धोरण बदललें. मागील गुन्ह्यांची माफी, शेतीसाठीं जमीन, बैल व बियाण्यासाठीं तगाई, आणि ज्यांना शस्त्र सोडवत नाहीं त्यांना सरकारी नोकरी, असें तें धोरण होतें. आउट्रमनें प्रथम अचानक छापे घालून भिल्लांचे अड्डे मोडले आणि मग त्याच लोकांमधून शिपाई निवडले. प्रारंभ अवघ्या नऊ माणसांनीं झाला. भिल्लांचा विश्वास बसणें सोपें नव्हतें. पूर्वीच्या अमलांत सलोख्याच्या नांवाखालीं बोलावून झालेल्या कत्तली त्यांच्या आठवणींत ताज्या होत्या. तरीहि पलटण वाढली, टिकली, आणि १८९१ सालीं पोलिसांत विलीन होईपर्यंत खानदेशांतच राहिली.

या धोरणास इंग्रज ग्रंथकारांनीं परोपकाराचें उदाहरण म्हणून गौरविलें आहे. तगाई आणि जमीन यांनीं अनेक कुटुंबें स्थिर झालीं, हें खरेंच. पण ज्या डोंगरांवर भिल्लांची पूर्वापार सत्ता होती, तेथें त्यांना चाकर होऊन राहावें लागलें, हेंहि तितकेंच खरें. सेंधव्याच्या घाटाची राखण करणारा खाज्या नाईक कंपनीचा पगार घेत होता, तोच १८५७ सालीं तिच्याविरुद्ध उठला. ११ एप्रिल १८५८ रोजीं सातपुड्यांतील आंबापाणी येथें भिल्लांची इंग्रजी फौजेशीं तुंबळ लढाई झाली. धरणगांवची पलटण आणि आंबापाणीची लढाई हीं एकाच इतिहासाचीं दोन पानें आहेत. एक वाचून दुसरें मिटून ठेवणें हा न्याय नव्हे.

शहराची पुढील वाढ थोडक्यांत सांगतां येईल. १८७२ सालीं पांजरेच्या महापुरानें धुळ्यांतील घरांची व मालमत्तेची मोठी हानि केली. १९०० सालीं चाळीसगांवपासून आगगाडीचा फांटा येऊन पोहोंचला. १९०६ सालीं खानदेशचे दोन जिल्हे झाले आणि धुळें पश्चिम खानदेशचें व जळगांव पूर्व खानदेशचें मुख्य ठाणें ठरलें. खरी लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट वेगळीच आहे. ती म्हणजे, राज्यकर्त्यांनीं उभारलेल्या या वस्तीला रहिवाशांनीं दिलेला नवा अर्थ.

ज्या शहरांत इंग्रजांच्या वसुलाचीं दप्तरें ठेवण्यासाठीं कचेरी बांधली गेली, त्याच शहरांत मराठ्यांच्या इतिहासाचीं दप्तरें जतन झालीं. १८९३ सालीं धुळ्यास सत्कार्योत्तेजक सभा स्थापन झाली, आणि तिच्याद्वारें शंकर श्रीकृष्ण देव यांनीं समर्थ संप्रदायाचें वाङ्मय जमविण्यास आयुष्य वाहिलें. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजीं धुळ्यासच निवर्तले. गांवोगांव पायपीट करून त्यांनीं मिळविलेल्या कागदपत्रांच्या रक्षणासाठीं लगोलग राजवाडे संशोधन मंडळ निघालें.

तुरुंगाचीहि तीच कथा. १९३२ सालीं सत्याग्रहींनीं भरलेल्या धुळ्याच्या तुरुंगांत विनोबा भावे यांनीं २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारीं गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन केलें, आणि साने गुरुजींनीं तें शब्दशः उतरवून घेतलें. त्यांतून ‘गीता प्रवचनें’ हा ग्रंथ झाला. त्या भिंती ज्यांनीं बांधल्या, त्यांच्या स्वप्नांतहि आलें नसेल कीं, पुढें त्या भिंती या अठरा रविवारांसाठीं ओळखल्या जातील.

शहराच्या दक्षिणेस लळिंगच्या रानांत लांडोर बंगला आहे. साहेबांच्या मुक्कामाची ती जागा. एका खटल्याच्या कामासाठीं धुळ्यास आले असतां १९३७ सालीं बॅरिस्टर भीमराव आंबेडकर तेथें उतरले. ज्या समाजाच्या माणसास गांवच्या विहिरीवर पाणी मिळत नसे, त्या समाजाचा विद्वान पुढारी त्या बंगल्यांत राहिला. ही आठवण ठेवून दरवर्षीं ३१ जुलै रोजीं लोक तेथें जमतात. सरकारी पाटी लावून जें साधलें नसतें, तें या लोकांच्या येण्याजाण्यानें साधलें आहे.

परदेशांत अशा वस्त्या जपण्याचे मोठे प्रयोग झाले आहेत. अमेरिकेंत व्हर्जिनियांतील विल्यम्सबर्ग हें इंग्रजी वसाहतीची जुनी राजधानी होतें. १९२६ पासून धनाढ्य रॉकफेलर यांच्या पैशानें तें पूर्वरूपांत उभें करण्यांत आलें. गव्हर्नराचा वाडा, खानावळी, छापखाना, सर्व कांहीं अठराव्या शतकासारखें करण्यांत आलें, आणि गांवाचें एक मोठें वारसा-उद्यान झालें. परंतु अठराव्या शतकांत त्या गांवची निम्मी वस्ती काळ्या लोकांची, बहुतेक गुलामांची, होती. त्यांची कहाणी पाहुण्यांस रीतसर सांगण्यास तेथें १९७९ साल उजाडावें लागलें. पन्नास वर्षें लोक सुंदर घरें पाहत होते. तीं घरें ज्यांच्या श्रमानें चालत होतीं, ते मात्र अदृश्य होते.

धुळ्याच्या नव्या पेठेभोंवतीं कुंपण नाहीं आणि तिकीटहि नाहीं. तेथें दुकानें उघडतात, हातगाड्या फिरतात, मुलें शाळेंत जातात. ही उणीव नसून भाग्य आहे, कारण वस्ती अजून वस्तीच आहे. पण कुंपण नसल्यामुळें तिच्या स्मृतीचें रक्षण करण्याची जबाबदारी रहिवाशांवरच येते. जुनी इमारत पाडतांना तिचा नकाशा व छायाचित्र ठेवणें, गल्लीची सरळ रेषा अतिक्रमणापासून वांचविणें, पांजरेचे बंधारे व पाट हे शहराच्या इतिहासाचाच भाग मानणें, एवढें तर कोणासहि करतां येण्याजोगें आहे. आणि उद्यां कोणीं पेठेच्या तोंडाशीं माहितीची पाटी लावली, तर तीवर ब्रिग्जचें नांव अवश्य असावें. त्याच्या शेजारीं बाळाजी बळवंताचें असावें, थाळनेरच्या किल्लेदाराचें असावें, खाज्या नाईकाचें असावें. आणि ज्या कारागिरांनीं दूरदूरहून येऊन या भिंती उभ्या केल्या, त्यांच्यासाठीं निदान एक ओळ असावी. वस्तीचा पाया हुकुमानें घालतां येतो. तिचें शहर होतें तें तेथें राहणाऱ्यांच्या पिढ्यान्पिढ्यांच्या कष्टानें, आणि वारसा जपावयाचा तो मुख्यतः त्या कष्टांचा.