विक्री की सेवा? भोजनगृहातील गल्ल्याचा पूर्वेतिहास

जोयडा तालुक्यातील कुळगी हे गाव दांडेलीहून अंबिकानगरास जाणाऱ्या रस्त्यावर, काळी नदीच्या खोऱ्यातील अरण्यात आहे. वनखात्याच्या निसर्गशिबिरामुळे ते दूरच्या प्रवाशांस ठाऊक झाले. प्रवासी आले की भोजनगृहे येतात, आणि भोजनगृहांच्या गल्ल्यावर आता ठिकठिकाणी एक काचेचा पडदा दिसू लागला आहे. त्यावर बोट ठेवले की पदार्थाचे नाव स्वयंपाकघरात उमटते, दर बिलात चढतो व कोठारातील शिल्लक उतरते. जेथे मद्य मिळते तेथे 750 मिलिलिटरच्या बाटलीतून 30 मिलिलिटरचे 25 पेग निघाले की नाही, हेही तो सांगतो. या व्यवस्थेस ‘पॉइंट ऑफ सेल’, म्हणजे विक्रीचे ठिकाण, म्हणतात. नाव साधे आहे. परंतु भोजनगृहात घडते ती विक्रीच काय, या प्रश्नाने आपल्या न्यायालयांस व संसदेस पुष्कळ शिणविले आहे.

या यंत्राचा जन्म संशयातून, आणि तोही मद्यगृहात झाला. अमेरिकेत ओहायो प्रांतातील डेटन गावी जेम्स रिट्टी नामक गृहस्थाचे मद्यगृह होते. गिऱ्हाईक भरपूर, पण पैसा नोकरांच्या खिशात जिरे. 1878 साली युरोपच्या प्रवासात जहाजाच्या पंख्याचे फेरे मोजणारे साधन त्याने पाहिले. फेरे मोजता येतात तर पैसे का नयेत, असे त्याच्या मनात आले. परतल्यावर भाऊ जॉन याच्या साहाय्याने त्याने यंत्र रचले व 1879 साली त्याचे पेटंट घेतले. त्याचे नाव ‘लाच न खाणारा रोखपाल’ अशा अर्थाचे होते! पुढे 1986 साली न्यूयॉर्क प्रांतातील सिरॅक्यूज येथील जीन मोशर या भोजनगृहाच्याच मालकाने बोटाच्या स्पर्शाने चालणारी संगणकाची बिलव्यवस्था तयार केली.

आपल्याकडे मात्र खरी गुंतागुंत कायद्याची. ‘नॉर्दर्न इंडिया केटरर्स’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1978 साली असा निर्णय दिला की, भोजनगृहात पाहुण्यास जेवू घालणे ही मुख्यतः सेवा आहे, अन्नाची विक्री नव्हे; सबब त्यावर विक्रीकर नाही. अतिथीच्या पानात वाढणे म्हणजे माल विकणे नव्हे, हा विचार आपल्या वाचकांस रुचेल. राज्यांच्या तिजोऱ्यांस तो रुचला नाही. 1982 च्या सेहेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने अन्न वा पेय, मादक असो वा नसो, पुरविणे ही विक्रीच मानावी असे ठरले. मग 1 जुलै 2017 रोजी वस्तू व सेवा कर आला आणि त्याने भोजन पुन्हा सेवेत घातले. मानवी सेवनाचे मद्य मात्र घटनेनेच या कराबाहेर ठेवले असल्यामुळे ते राज्यांच्या कक्षेत राहिले. परिणामी एकाच मेजावर मासळीची कढी ही सेवा आणि शेजारचा पेला ही विक्री! सर्वसाधारण भोजनगृहात कढीवर 5 टक्के कर. पेल्याचा हिशेब निराळा. ही फोड हाताने करताना जुना गल्लेवाला थकून गेला असता. यंत्र ती क्षणात करते, आणि आमच्या मते त्याचा येथील खरा उपयोग हाच.

तथापि ‘लाच न खाणारा’ हे विशेषण आज त्यास लावण्यास आमचे मन धजत नाही. देवस्थानच्या पावतीपुस्तकाचे पान फाडले तर क्रमांक तुटतो, वहीत खाडाखोड केली तर ती डोळ्यांस दिसते. संगणकातील बिल पुसणारे उपकार्यक्रम मात्र मालकच वापरू लागले. रिट्टीस नोकरांचे भय होते. येथे चोरीची सोय धन्यानेच केली. कॅनडातील क्वेबेक प्रांताने तर 2011 पासून भोजनगृहांच्या गल्ल्यास सरकारी नोंदयंत्र जोडणे सक्तीचे केले.

आपल्याकडे 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे अशा नोंदीची छापील प्रत न्यायालयात आणावयाची तर तिजसोबत प्रमाणपत्र लागते. त्यावर त्या यंत्राचा कारभार पाहणाऱ्या माणसाची सही असावी लागते, आणि तज्ज्ञाचीही.