राजवाड्याबाहेरचे राजनाट्यगृह

राजाश्रय आणि रंगभूमी यांचे नाते फार जुने आहे. मराठी नाटकाचा आरंभच मुळी राजवाड्यात झाला. इ. स. १८४३ साली विष्णुदास भावे यांनी सांगलीकर श्रीमंतांच्या आश्रयाखाली ‘सीतास्वयंवरा’चा प्रयोग करून दाखविला आणि पुढे तीच कला गावोगाव हिंडू लागली.

युरोपातील राजांनी याहून पुढची मजल गाठली होती. शहराबाहेरील आपल्या प्रासादांच्या आवारात त्यांनी स्वतंत्र नाट्यगृहे उभारली. स्वीडनमधील ड्रॉटनिंगहोम येथे १७६६ साली बांधलेले नाट्यगृह त्यांपैकी एक. रंगमंचाखालील चक्र माणसांनी फिरविताच बाजूचे देखावे प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत पालटत. राजा व राणी यांची आसने पुढे असत. मागील बाकांवर कोणत्या दर्जाच्या मनुष्याने बसावे, हे लिहूनच ठेविलेले असे. त्या वास्तूत नाटकाइतकीच दरबारातील उतरंडही दिसते. परंतु १७९२ साली राजा तिसरा गुस्ताव्ह मारला गेला, आश्रय सरला, आणि ते गृह शतकाहून अधिक काळ विस्मृतीत पडून राहिले. १९२१ साली त्याचा पुन्हा शोध लागला.

ही पार्श्वभूमी ध्यानी घेतली म्हणजे कोल्हापूरच्या उदाहरणाचे वेगळेपण कळून येते. शहराहून कसबा बावड्याकडे जाताना नवा राजवाडा लागतो. मेजर चार्ल्स मँट यांच्या आराखड्यानुसार १८७७ ते १८८४ या काळात काळ्या दगडात तो बांधला गेला. त्याचा अष्टकोनी घड्याळमनोरा, शिवचरित्रातील प्रसंग रंगविलेल्या काचा आणि उंच दरबारगृह पाहिले म्हणजे एखादे खाजगी नाट्यगृह या आवारात सहज शोभले असते, असे वाटते. भोवती मोकळी जागा होती, आणि राजर्षी शाहू छत्रपतींची नाट्यप्रीती तर सर्वश्रुत आहे.

तथापि महाराजांनी नाट्यगृह बांधिले ते राजवाड्यात नव्हे, तर दूर शहरात, खासबागेच्या कुस्तीच्या मैदानालगत. १९०२ साली त्यांनी युरोपचा प्रवास केला होता. १९१२ साली खासबाग मैदान तयार झाले, आणि १९१३ ते १९१५ या काळात शेजारी नाट्यगृह उभे राहिले. त्याचे नाव मात्र ‘पॅलेस थिएटर’ असे पडले. नाव राजवाड्याचे, जागा पेठेतल्या लोकांची!

या दोन्ही वास्तूंच्या रचनेमागे एकच विचार दिसतो. खासबागेत मध्यभागी हौदा आणि भोवती चढत गेलेली बैठक. त्यामुळे शेवटच्या माणसासही डाव स्पष्ट दिसतो. नाट्यगृहातही प्रेक्षागृहाच्या मध्ये दृष्टी अडविणारा खांब नव्हता. ध्वनिवर्धक नसलेल्या त्या काळात नटाचा आवाज गळ्याच्या बळावर मागील रांगेपर्यंत पोहोचावा लागे. तेथे वास्तूने साथ दिली नाही, तर गायकनटाची सारी मेहनत फुकट जावयाची. मल्लास जसा मातीचा आधार, तसा नटास वास्तूचा.

१९२२ साली महाराज निवर्तले. १९४९ साली कोल्हापूर संस्थानही विलीन झाले. ड्रॉटनिंगहोमप्रमाणे या गृहाचे दरवाजे मात्र बंद झाले नाहीत. कारण ते केवळ दरबाराचे कधीच नव्हते. १९५७ साली त्यास कोल्हापूरचे सुपुत्र, ‘ललितकलादर्श’चे संस्थापक संगीतसूर्य केशवराव भोसले यांचे नाव देण्यात आले.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री या नाट्यगृहास भीषण आग लागली. दुसऱ्याच दिवशी केशवरावांची जयंती होती. रंगमंच, आसने व छप्पर भस्मसात झाले. दगडी भिंती तेवढ्या उभ्या राहिल्या. त्या भिंतींपुढे डोळे पुसणाऱ्यांत नट होते, तसे तिकीट काढून येणारे सामान्य रसिकही होते. वास्तू होती तशीच पुन्हा उभी राहावी, अशी मागणी त्यांनी केली.

लाकूड नवे आणता येते, छप्परही नवे चढविता येते. परंतु शेवटच्या रांगेतील माणसास पहिल्या रांगेतील माणसाइतकेच दिसावे आणि ऐकू यावे, हा या वास्तूचा मूळ पाया होय. नव्या बांधणीची खरी कसोटी तेथेच लागावयाची आहे.