कोठा पाडायच्या आधी



सोयाबीन घरात आलं, हरभरा पेरून झाला, थोडी उसंत आहे. म्हणून आज पिकाचं नाही, कोठ्याचं लिहितो. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, पुस्तकात ज्याला गोठा म्हणतात त्याले आमच्या बुलढाणा जिल्ह्यात कोठा म्हणतात.

बाबा गेल्यावर आम्हा दोघा भावांची वाटणी झाली. राहतं घर धाकट्याकडं गेलं, कोठा आणि त्याची जागा माझ्याकडं आली. भांडण नाही झालं, चिठ्ठ्या टाकल्या होत्या. बैलजोडी तर आधीच विकली होती. पाच खणांचा कोठा, सागाचे खांब, दीड हात जाडीच्या मातीच्या भिंती, वर धाबं. मायला घेऊन आम्हाला आता तिथंच राहायचं होतं.

पुण्याहून पोरगा आला. म्हणे, "बाबा, पाडून टाका. स्लॅब टाकू. कोठ्यात राहतो म्हटलं तर लोक हसतीन." त्याच आठवड्यात जुनं सागवान घेणारा एक व्यापारी दारात आला. खांब मोजले, नखानं लाकूड खरवडून पाहिलं आणि आकडा सांगितला. आकडा ऐकून माझंही मन हललं, खोटं कशाला सांगू.

माय एवढंच म्हणाली, "पाडाचं असन तं पाड. पण आधी पाह्य तं खरं, काय पाडतो ते."

मग मी पाहायला लागलो. जुन्या लोकांना विचारलं, दोन मिस्तरी आणले, काही वाचलं. त्यातून जे हाती लागलं ते इथं मांडतो.

पहिली गोष्ट पांढरी आणि काळीची. गाव वसतं ती पांढरी, पिकतं ती काळी. हा काही नुसता बोलायचा प्रकार नाही. काळी माती पाण्यानं फुगते, उन्हात आकसते, तिला भेगा पडतात. तिच्यावर उथळ पाया घातला तर भिंतही तडकते. पांढरी तशी फुगत नाही, चोपली की घट्ट बसते. म्हणून भिंतीला पांढरी आणि धाब्यावरही पांढरी. आपल्या जुन्या लोकांनी माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेशिवाय हे ठरवून टाकलं होतं. आज आपण शेतात काळीवर बंगला बांधतो आणि दोन वर्षांत भेगा पडल्या की मिस्तरीला शिव्या देतो. दोष बहुतेक वेळा पायाचा असतो.

दुसरी गोष्ट. घर वेगळं आणि कोठा वेगळा हे आपल्याकडं पक्कं कधी नव्हतंच. कितीतरी घरांत एकाच धाब्याखाली पुढं बैठक, बाजूला दावण, मागं चूल. भिंत तीच, लाकूड तेच, माती तीच. फरक एवढाच की कोठ्यात खिडकी लहान आणि जमीन उताराची, गोमूत्र वाहून जावं म्हणून.

आणि घराचाही वेळ पडली की कोठार होत होता. १८५३ साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेलं. १८६१ ते ६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिथला कापूस अडला आणि आपल्या कापसाला भाव आला. १८६७ पर्यंत मलकापूर, नांदुरा, शेगाववरून रेल्वे नागपूरला पोचली. १८७० साली जलंबहून खामगावला फाटा निघाला, तो कापसासाठीच. तेव्हापासून वऱ्हाडातल्या घराला कापूस भरायची सवय लागली. भाव पडला की बैठकीची खोली आढ्यापर्यंत भरायची आणि माणसं ओसरीत झोपायची. माझ्या लहानपणी आम्ही पोरं त्या कापसावर उड्या मारायचो, मग रात्रभर अंग खाजवायचो. म्हणजे घराचं कोठार आपण पिढ्यान् पिढ्या केलं. आता कोठ्याचं घर करायची पाळी आली, एवढंच.

ही पाळी का आली ते सर्वांना माहीत आहे. ट्रॅक्टर आला, मळणीयंत्र आलं. कडबा कमी झाला, कारण ज्वारी गेली आणि सोयाबीन आलं. सोयाबीनचं कुटार जनावर ज्वारीच्या कडब्यासारखं खात नाही. सालदार मिळेना. बैल गेले आणि कोठे रिकामे पडले.

हे आपल्याच इथं झालं असंही नाही. इंग्लंडात पूर्वी शेतकऱ्याच्या मोठ्या कोठारात हिवाळाभर धान्य झोडपायचं काम चालायचं. मळणीयंत्र आल्यावर ते काम संपलं, मोठाली यंत्रं जुन्या दारातून आत जाईनात, कोठारं ओस पडली. मग लोकांनी त्यात घरं केली. २०१४ पासून तिथं नियमही सोपा झाला. शेतीच्या जुन्या इमारतीचं घर करायला काही अटी पाळल्या तर पूर्ण बांधकाम परवानगी लागत नाही. पण एक अट मोलाची आहे: इमारत मुळात तेवढी धडधाकट पाहिजे. नवं बांधून त्याला जुन्याचं नाव द्यायचं नाही.

आपला कायदाही पाहून घ्या. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ ची. तिच्या कलम २ मध्ये शेतावरच्या इमारतीची व्याख्या आहे. अवजारं, खत, वैरण ठेवायची जागा, शेतमाल ठेवायची जागा, जनावरांचा निवारा आणि शेतकऱ्याचं कुटुंब, नोकर किंवा कूळ यांची राहायची जागा, हे सगळं एकाच व्याख्येत बसवलंय. म्हणजे माणूस आणि बैल कायद्यानंही एकाच धाब्याखाली ठेवले! पण शहराजवळच्या भागात क्षेत्राच्या मर्यादा आहेत, म्हणून शेतात काही करायच्या आधी तलाठ्याला विचारा. आणि कोठा गावठाणात असेल तर ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ला काय नोंद आहे ते पाहा. माझ्या नोंदीत तो गोठाच होता, ती दुरुस्त करून घेतली.

जागेचा हिशोबही करा. प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण घरकुलाची किमान जागा २५ चौरस मीटर धरली आहे, स्वयंपाकाच्या जागेसकट. माझा पाच खणांचा कोठा मोजला तर त्याच्या दुपटीहून जास्त भरला. एवढी जागा, एवढं लाकूड मी पाडायला निघालो होतो.

पोराचं "लोक हसतीन" मात्र मनातून जात नव्हतं. मग त्याला शेगावची गोष्ट सांगितली. १९३६ साली गांधीजी वर्ध्याजवळच्या सेगाव नावाच्या खेड्यात राहायला गेले. तिथली माती, बांबू, लाकूड यांचीच घरं. बापूकुटी म्हणून आज आपण जी पाहतो, ती आधी मीराबेनची झोपडी होती. तिच्यातच फेरफार करून गांधीजी राहिले. सेगावची पत्रं आपल्या शेगावला येऊ लागली, घोटाळा होऊ लागला, म्हणून १९४० साली त्या गावाचं नाव सेवाग्राम झालं. देशाचे मोठमोठे पुढारी त्या मातीच्या घरात येऊन बसले. कोणी हसलं नाही. पोरगा गप्प बसला. पटलं की नाही माहीत नाही, पण गप्प बसला.

आता काम कसं केलं आणि कुठं चुकलो ते सांगतो.

जमीन: कोठ्याची वरची हात-सव्वा हात माती उकरून काढली. वर्षानुवर्षं गोमूत्र मुरलेली ती माती. तिच्यात क्षार असतात, म्हणून भिंतीच्या बुडाशी पांढरं मीठ फुटतं. हा नुसता कचरा नाही. बिहारकडं जुन्या काळी अशाच मातीतून सोरा काढायचे, बंदुकीच्या दारूसाठी. मी ती माती शेतात पसरली. घरात मात्र ती ठेवू नका, वर कितीही चांगली फरशी टाकली तरी ओल आणि क्षार वर येतातच.

पेव: उकरताना एका कोपऱ्यात जमीन पोकळ वाजली. खाली जुनं पेव निघालं. मंडळी, इथं जपा. बंद पेवात खराब हवा साठते आणि माणूस आत उतरला की तिथंच पडतो. त्याला काढायला गेलेला दुसराही पडतो. जुने लोक आधी दिवा सोडून पाहायचे, विझला तर उतरायचे नाहीत. मी तर म्हणतो दिवा जळला तरी उतरू नका. आम्ही तोंड मोकळं करून वरूनच मुरूम टाकून ते भरून घेतलं.

भिंत: ही माझी चूक. बाहेरच्या एका भिंतीला मी सिमेंटचं प्लास्टर केलं, चकचकीत दिसावं म्हणून. दोन पावसाळ्यांत प्लास्टर फुगलं आणि मातीचा लपका घेऊन खाली आलं. मातीची भिंत ओल घेते आणि सोडते. सिमेंटनं तिचं तोंड बंद केलं की ओल आत राहते आणि भिंत सडते. आता माती, गव्हाचं भुसकट आणि शेण यांचा गिलावा केलाय, वरून चुना. दरवर्षी हात फिरवावा लागतो, पण भिंत ठणठणीत आहे.

खांब: खांबाखालचे दगड उघडे ठेवले. फरशी लाकडाला भिडवली की वाळवीला वाट मिळते.

धाबं: पाचपैकी तीन खणांचं धाबं ठेवलं. दोन खणांची लाकडं खरंच गेली होती, तिथं टिनपत्रे टाकले आणि खाली जुन्या फळ्यांचं छत केलं. मे महिन्यात दुपारी त्या दोन खणांत बसवत नाही. तीन खणांत पंखा हळू ठेवून झोप लागते. एकाच घरात दोन्ही छतं आहेत, पाहुण्यांना हात धरून फिरवतो आणि फरक दाखवतो. मृगाच्या आधी धाब्यावर पांढरी टाकायचं काम मात्र चुकत नाही. मागच्या साली आळस केला तर मायच्या खाटेवर गळलं. ती बोलली नाही, खाट सरकवून घेतली. तेच जास्त लागलं.

सगळ्यांनी असंच करावं असं माझं म्हणणं नाही. लाकूड पोखरलं असेल, भिंत बाहेर झुकली असेल, तर माणसांच्या जिवापेक्षा कोठा मोठा नाही, पाडा. पण आधी जाणत्या सुताराला खांब ठोकून पाहू द्या, आणि व्यापाऱ्याला नंतर बोलवा. सिंदखेडराजाच्या राजवाड्याची निगा सरकार राखतं. आपल्या कोठ्याचा इतिहास कोणी लिहीत नाही, तो आपल्यालाच जपावा लागतो, नाहीतर एका दिवसात ट्रकमध्ये भरून जातो.

एक खुंटा मी काढला नाही. मायच्या खोलीच्या दाराजवळ आहे, येता-जाता पायाला लागतो. पोळ्याला माय त्याला हळद-कुंकू वाहते. दिवाळीत पोरगा आला तेव्हा त्याची ठेच त्याला लागली. वाटलं आता म्हणतो, काढून टाका. तो म्हणाला, "बाबा, याच्यावर जरा उजेड लावा, रात्री दिसत नाही."

राम राम.