‘चांदोबा’चा अनाम कर्ता : कोडवटिगंटि कुटुंबराव

मराठी बालनियतकालिकांची परंपरा विनायक कोंडदेव ओक यांचे ‘बालबोध’ (१८८१) व वासुदेव गोविंद आपटे यांचा ‘आनंद’ (१९०६) यांपासून सांगितली जाते. एप्रिल १९५२ मध्ये या परंपरेत ‘चांदोबा’ची भर पडली. त्याचे मूळ मात्र तेलुगू होते. बी. नागिरेड्डी व चक्रपाणी यांनी जुलै १९४७ मध्ये मद्रास येथे ‘चंदमामा’ तेलुगू व तमिळ भाषांत सुरू केला होता.

१९५२ पासून १९८० पर्यंत या मासिकाच्या संपादनाचा भार कोडवटिगंटि कुटुंबराव यांनी वाहिला. संपादक म्हणून त्यांचे नाव मात्र छापले जात नसे. कुटुंबरावांचा जन्म तेनाली येथे १९०९ साली झाला. ते पदार्थविज्ञानाचे विद्यार्थी, ‘चदुवु’ या कादंबरीचे कर्ते, विचाराने बुद्धिवादी व मार्क्सवादी होते. १९७० मध्ये स्थापन झालेल्या विप्लव रचयितल संघातही त्यांचा सहभाग होता. असा लेखक राजे, राक्षस आणि वेताळ यांच्या कथांत इतकी वर्षे रमला, हा विरोध प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटतो.

त्याचा उलगडा कथेच्या घडणीत सापडतो. ‘वेतालपंचविंशती’त कथा पंचवीसच. त्या संपल्यावर त्याच चौकटीत इतर कथा बसवून ‘चंदमामा’ने ही माला पुढे कित्येक दशके चालविली. प्रत्येक कथेच्या अखेरीस वेताळ प्रश्न विचारतो आणि राजाला सकारण निवाडा द्यावा लागतो. भुताची कथा वाचणारे मूलही त्या निमित्ताने न्यायासनावर बसते. अद्भुताच्या आवरणाखाली ही विवेकाचीच शिकवण होय.

चंद्रपूरच्या ऊर्जानगरापासून दक्षिणेस सिरोंचापर्यंतच्या टापूत या विषयाला विशेष अर्थ आहे. प्राणहिता व गोदावरी यांच्या काठी अनेक घरांची बोली तेलुगू, तर शाळेची भाषा मराठी. एका भाषेत रचलेली कथा दुसऱ्या भाषेत परकी न वाटता कशी नांदते, याचे ‘चांदोबा’ हे ठळक उदाहरण ठरते.

कुटुंबराव १७ ऑगस्ट १९८० रोजी निवर्तले. मासिकही पुढे बंद पडले. मराठी मुलांच्या दोन पिढ्यांनी ज्याच्या हातून घडलेले मासिक वाचले, त्याचे नाव त्यांना अपरिचितच राहिले. वाङ्मयेतिहास केवळ छापील नावांवरून लिहिला, तर असे कर्ते त्यातून निसटतात. भाषांतरित बालसाहित्याच्या अभ्यासकाने म्हणूनच मुखपृष्ठामागील हातांचाही शोध घेणे अगत्याचे आहे.