फिक्या केशटोकांचे पुनर्रंजन

फिक्या केशटोकांचे पुनर्रंजन ही केशरंजनातील एक प्रक्रिया आहे. पूर्वी रंगवलेल्या केसांची मुळाकडील नवी वाढ रंगवताना, त्याच बैठकीत मधल्या भागाचा व टोकांचा उतरलेला रंग पुन्हा मूळ छटेशी जुळवून घेणे, असे तिचे स्वरूप असते. ब्यूटी पार्लरच्या व्यवहारात मुळांच्या कामास ‘रूट टच-अप’ आणि टोकांच्या कामास ‘कलर रिफ्रेश’ म्हणतात. मुळांना व टोकांना एकच रंग, एकाच वेळी आणि तेवढाच वेळ लावून ठेवणे ही या कामातील नेहमीची चूक होय. तिच्यामुळे टोके गरजेपेक्षा गडद होतात आणि केस ठिसूळ बनतात.

केसाची रचना व वय

केसाच्या बाहेरील आवरणास क्युटिकल म्हणतात. ते कौलांप्रमाणे एकावर एक बसलेल्या खवल्यांचे असते. त्याच्या आतील जाड थरास कॉर्टेक्स म्हणतात. केसाचे नैसर्गिक रंगद्रव्य मेलॅनिन मुख्यत्वे याच थरात असते. केस दरमहा साधारणपणे १ ते १.२५ सेंटिमीटर वाढतो. म्हणून मुळापासून ३० सेंटिमीटर अंतरावरील टोक दोन ते अडीच वर्षांचे असते. एवढ्या काळात धुणे, विंचरणे, ऊन व उष्ण उपकरणे यांमुळे क्युटिकलची झीज होते आणि केसाची सच्छिद्रता वाढते. सच्छिद्र केस रंग चटकन शोषून घेतो, तसाच तो चटकन सोडतोही.

रंग उतरण्याची कारणे

प्रत्येक धुण्याबरोबर रंगाचे काही रेणू बाहेर पडतात. सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांमुळेही रंगद्रव्याचे विघटन होते. लाल व तांबूस छटा विशेष लवकर फिक्या पडतात. काळ्या किंवा गडद तपकिरी केसांवर तपकिरी रंग दिला असल्यास तो उतरल्यावर टोके तांबूस-नारिंगी दिसू लागतात. रंगवताना वापरलेल्या पेरॉक्साईडने मूळचे मेलॅनिन अंशतः नष्ट केलेले असते. वरचा कृत्रिम रंग गेल्यावर त्याखालील उष्ण छटा उघडी पडते.

रंगांचे प्रकार

स्थायी रंगात पॅराफेनिलीनडायमाइन किंवा तत्सम द्रव्ये, अमोनियासारखा अल्कली पदार्थ आणि हायड्रोजन पेरॉक्साईड यांचा वापर होतो. अल्कलीमुळे क्युटिकल फुगते, लहान रंगहीन रेणू आत शिरतात आणि तेथे ऑक्सिडीकरण होऊन त्यांचे मोठे रंगीत रेणू बनतात. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ यूजेन श्युएलर याने १९०७ साली कृत्रिम केशरंग विकसित केला. १९०९ साली त्याने स्थापन केलेला उद्योग पुढे लॉरेआल या नावाने प्रसिद्ध झाला.

अर्धस्थायी म्हणजे डेमी-पर्मनंट रंगात अमोनिया नसतो किंवा अत्यल्प असतो, आणि पेरॉक्साईडचे प्रमाणही कमी असते. असा रंग नैसर्गिक रंग फारसा उजळवत नाही. तो फक्त छटेची भर घालतो. टोकांतील मेलॅनिन आधीच उजळलेले असल्याने त्यांना नेमकी एवढीच गरज असते.

पद्धत

१. कोरड्या केसांची तपासणी करून मुळे, मधला भाग व टोके यांची छटा स्वतंत्रपणे ठरवली जाते.

२. स्थायी रंग केवळ नव्या वाढीवर लावला जातो. करडे केस झाकण्यासाठी त्यात बहुधा ६ टक्के पेरॉक्साईड, म्हणजेच २० व्हॉल्यूमचा डेव्हलपर, वापरतात. हा रंग आधी रंगवलेल्या भागावर चढू नये, याची काळजी घेतली जाते.

३. टोकांसाठी त्याच छटेचा किंवा किंचित फिका अर्धस्थायी रंग निराळा कालवतात. सच्छिद्र केसांवर रंग गडद उमटत असल्याने ही सूट ठेवावी लागते.

४. मुळांचा काळ संपत येताना टोकांना रंग लावून थोड्या थोड्या वेळाने एक बट पुसून पाहतात.

५. शेवटी थोडे पाणी घालून रंग हाताने चोळतात, केस स्वच्छ धुतात व आम्लधर्मी कंडिशनर लावतात.

टोके किंचितच फिकी असतील, तर मुळांवरील रंग शेवटची ५ ते १० मिनिटे खाली ओढून घेण्याची जुनी रीतही प्रचारात आहे. मात्र ती प्रत्येक वेळी अवलंबल्यास रंगाचे थर साचतात. दर सहा आठवड्यांनी संपूर्ण केसांना स्थायी रंग लावला, तर दोन वर्षांत टोकांवर तीच रासायनिक प्रक्रिया सुमारे १७ वेळा होते. साचलेला गडदपणा वरून फिका रंग लावून जात नाही, कारण कृत्रिम रंग कृत्रिम रंगाला उजळवू शकत नाही.

ब्लीच केलेले केस

ब्लीच केलेल्या टोकांवर थेट गडद तपकिरी रंग लावल्यास तो हिरवट किंवा मळकट दिसू शकतो, कारण त्या केसांत उष्ण छटा उरलेली नसते. म्हणून प्रथम सोनेरी किंवा तांबूस रंगाचा थर देऊन मग इच्छित छटा दिली जाते.

मेंदी लावलेले केस

महाराष्ट्रात केसांना मेंदी लावण्याची रूढी मोठी असल्याने ग्राहकाला तसे आधी विचारणे आवश्यक ठरते. शुद्ध मेंदीतील लॉसोन हे द्रव्य केसाच्या प्रथिनाशी बांधले जाते आणि सहज निघत नाही. काही मिश्र चूर्णांत धातूंचे क्षार असतात. त्यांचा पेरॉक्साईडशी संयोग झाल्यास केस तापून तुटू शकतात. शंका असल्यास कापलेल्या बटेवर आधी चाचणी घेतात.

सुरक्षितता

पॅराफेनिलीनडायमाइनमुळे काहींना तीव्र ॲलर्जी होते. बाजारात ‘काळी मेंदी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक चूर्णांतही हे द्रव्य असते. युरोपीय संघात डोक्यावर लावल्या जाणाऱ्या मिश्रणात त्याची कमाल मर्यादा २ टक्के आहे. रंगवण्यापूर्वी ४८ तास आधी कानामागे किंवा कोपराच्या आतील बाजूस थोडा रंग लावून चाचणी घ्यावी, असे सुचवले जाते. पूर्वी त्रास झाला नसला, तरी ॲलर्जी पुढे कधीही उद्भवू शकते आणि एकदा जडल्यास ती बहुधा कायम राहते. खाज, सूज किंवा पुरळ आल्यास रंग लावू नये व वैद्यकीय सल्ला घ्यावा.

हे सुद्धा पहा

केस
मेंदी
मेलॅनिन
हायड्रोजन पेरॉक्साईड