छायाचित्रग्रंथाचे नामकरण

मुलाचे नाव बारशाला ठेवतात आणि त्याचे गुण पुढे दिसतात. ग्रंथाचे तसे नसते. स्थानिक इतिहासाच्या छायाचित्रग्रंथाचे नामकरण तर विशेष जबाबदारीचे. कारण छायाचित्र आपले स्थळ व काळ स्वमुखाने सांगत नाही. वाचक प्रथम नाव वाचतो व त्याच दृष्टीने पुढील चित्रे पाहतो.

१८६८ ते १८७५ या काळात लंडनहून आठ खंडांत 'द पीपल ऑफ इंडिया' निघाला. नाव अखिल हिंदी जनतेचे. आतील माणसे मात्र जातिजमातींचे नमुने म्हणून मांडलेली. १८८६ साली लेपेल ग्रिफिन यांनी इंदूरला उदयास आलेल्या लाला दीनदयाळांची छायाचित्रे 'फेमस मॉन्युमेंट्स ऑफ सेंट्रल इंडिया' या नावाने प्रसिद्ध केली. 'प्रसिद्ध' या एका विशेषणाने निवडीची मर्यादा आखली गेली.

गोमंतकात स्थळनामेच फसवी आहेत. मांडवीतीरावरील 'वेल्हा गोवा' ही पोर्तुगीजांची जुनी राजधानी. झुआरीकडील 'गोवा वेल्हा' हे कदंबांच्या गोपकपट्टणाचे स्थान. आणि १८४३ साली पणजीस 'नोव्हा गोवा' हे नाव मिळाले. तेव्हा नुसते 'जुने गोवे' हे शीर्षक कोणत्या गावाचे, हा प्रश्न उरतोच. फोन्सेका यांनी १८७८ च्या आपल्या ग्रंथाच्या नावातच 'गोवा शहर' असे म्हणून विषयाची सीमा स्पष्ट केली, हे अनुकरणीय होय.

देवस्थानांच्या ग्रंथास आणखी एक विवेक आवश्यक आहे. श्रीमंगेशाचे मूळ स्थान कुठ्ठाळी, श्रीशांतादुर्गेचे केळशी, श्रीम्हाळसेचे वेर्णे. सोळाव्या शतकातील छळामुळे ही दैवते अंत्रुज महालात अनुक्रमे प्रियोळ, कवळे व म्हार्दोळ येथे आली. फोंडे तेव्हा पोर्तुगीज अमलाबाहेर होते. ते १७६३ साली त्यांच्या ताब्यात गेले. मूळ देवालये मात्र छायाचित्रणाची कला १८३९ साली जगासमोर येण्यापूर्वी पावणेतीनशे वर्षे नामशेष झाली होती. त्यांचे छायाचित्र असणे शक्यच नाही. कवळ्याचे विद्यमान देवालयही शाहू छत्रपतींच्या काळातील, म्हणजे अठराव्या शतकातील. अशा चित्रांवर 'प्राचीन मंदिरे' असा मथळा दिल्यास, कॅमेऱ्याने जे पाहिलेच नाही त्याची ग्वाही ग्रंथाकडून दिली जाईल. दैवत प्राचीन, वास्तू नंतरची, आणि चित्र त्याहूनही अलीकडचे. हे तीन काळ वेगळे ठेवलेच पाहिजेत.

'महाजनांचा वारसा' हे नाव साहजिकच अनेकांच्या मनात येते. महाजनी संस्थेला १८८६ व १९३३ च्या नियमावलींनी कायद्याचे स्वरूप दिले, हे खरे. परंतु जत्रेच्या कोणत्याही जुन्या चित्रात महाजनांबरोबर पुरोहित, वाजंत्री, फुलकार, दिवटी धरणारे व पालखीचे भोई उभे असतात. शीर्षकाने त्यांना चौकटीबाहेर ठेवणे न्याय्य नव्हे.

म्हणून स्थळ, विषय व चित्रांचा काळ सांगणारे साधे नावच उत्तम. 'अंत्रुज महालातील देवालये व उत्सव' आणि त्याखाली पहिल्या व शेवटच्या छायाचित्राचे वर्ष, एवढे पुरे. पालखी वाहणाऱ्याच्या नातवानेही ग्रंथ हाती घेऊन हा आपला आहे असे म्हणावे. नामकरणाची याहून चांगली कसोटी नाही.